हात न उचलता
(प्रस्तावना)

मुलगी माहेरी येते, दोन-चार दिवस गप्प गप्प असते आणि मग आईजवळ काहीतरी बोलते. आई ऐकून घेते. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मारत-बिरत तर नाही ना?" उत्तर 'नाही' आलं की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. मग पुढची वाक्यं आपोआप येतात. निर्व्यसनी आहे, नोकरी चांगली आहे, तापट असतात एकेक माणसं, तू मनाला फार लावून घेतेस. या आईचा हेतू वाईट नसतो. तिला छळाची एकच खूण कुणीतरी शिकवलेली असते, अंगावरचा वळ. हे पुस्तक ज्या अभ्यासक्षेत्राची ओळख करून देतं, ते या 'नाही'च्या पुढे सुरू होतं.

आपण या पानापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी आला असाल. कुणी समुपदेशनाचा अभ्यासक्रम करत असेल, कुणी वकिली. कुणी आशाताई असतील, कुणी महाविद्यालयात शिकवत असतील. कुणाला फक्त आपल्या बहिणीची काळजी वाटत असेल. आणि कुणी स्वतःसाठीच हे पान उघडलं असेल, तर तेही पुरेसं कारण आहे. पुढच्या पानांत मानसशास्त्र आहे, कायदा आहे, थोडा इतिहास आहे. यातलं आधीचं काही ठाऊक असण्याची गरज नाही.

सुरुवात घरापासून फार दूर, युद्धकैद्यांच्या छावणीतून करू या. कोरियन युद्धात पकडल्या गेलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या सैनिकांनी चिनी कैदेत खोटे कबुलीजबाब दिले, तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. धडधाकट, प्रशिक्षित माणसं असं कसं बोलली? अल्बर्ट बिडरमन या समाजशास्त्रज्ञाने परतलेल्या कैद्यांच्या हकिकती तपासून १९५७ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. माणसाला वाकवायला मारहाण आवश्यक नव्हती, आणि ती विशेष उपयोगीही नव्हती. उपयोगी ठरल्या त्या वेगळ्याच गोष्टी, आणि त्याने त्यांचा आठ रकान्यांचा तक्ता केला. माणसाला एकटं पाडणं. त्याचं सगळं लक्ष पकडणाऱ्यावरच खिळवून ठेवणं. त्याला थकवणं. धमक्या. मधूनच एखादी सवलत. 'आम्हाला सगळं कळतं' असा देखावा. पाणउतारा. आणि क्षुल्लक हुकमांची सक्ती. १९७३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने छळावरच्या आपल्या अहवालात हा तक्ता घेतला. पुढे डायना रसेल यांनी वैवाहिक बलात्कारावरच्या आपल्या १९८२ च्या पुस्तकात तो लग्नाला लावून पाहिला. नवऱ्यांनी ही पद्धत कुठल्या पाठ्यपुस्तकातून उचललेली नव्हती. कुणीही न शिकवता ती घरोघर तयार होत होती, आणि मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तोच वाटतो.

आठांपैकी दोन रकाने नव्या अभ्यासकाच्या नजरेतून हमखास सुटतात. पहिला क्षुल्लक हुकमांचा. टॉवेलची घडी उभीच हवी, चहा या कपात नको त्या कपात हवा, फोन तिसरी रिंग वाजायच्या आत उचलला गेला पाहिजे. बाहेरच्याला हे विक्षिप्तपणाचे नमुने वाटतात, सांगणाऱ्या बाईलाही सांगताना हसू येतं. पण टॉवेलशी कुणाला काही घेणं-देणं नसतं. रोजच्या रोज, कारण न विचारता ऐकण्याची सवय लावणं हा त्यातला खरा व्यवहार. म्हणून तर नियम मधूनच बदलतात. कालची उभी घडी आज चुकीची ठरते, आणि चूक कधी ना कधी होणारच याची सोय होऊन जाते.

दुसरा रकाना सवलतीचा. आठवडाभराचा अबोला संपतो तो गजऱ्याने, महाबळेश्वरच्या बुकिंगने, कधी मांडीवर डोकं ठेवून रडण्याने. नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात ते महाबळेश्वरचे फोटो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मारहाणीच्या नात्यांत हे चक्र दाखवून दिलं: ताण साचत जातो, स्फोट होतो, मग गोडीगुलाबीचे दिवस येतात. डटन आणि पेंटर यांनी १९८१ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकून मांडलं की सत्ता एकाच्या हाती असेल आणि त्रास व माया आलटून पालटून मिळत असेल, तर बंध सैल होण्याऐवजी घट्ट होतो. "तो मुळात वाईट नाहीये हो" हे वाक्य समुपदेशकाला वारंवार ऐकू येतं. ती खोटं बोलत नसते. चांगले दिवस तिने खरंच पाहिलेले असतात, आणि ते पुन्हा यावेत म्हणूनच तर ती सगळं सांभाळत असते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. अनेक घरांतले तपशील जुळवून ते मी उभं केलं आहे, कुणा एकाचं नाही. ठाण्यातला वन बीएचके. ती खासगी शाळेत शिक्षिका. पगार तिच्या खात्यात जमा होतो, पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर त्याचा आहे. तिने कोपऱ्यावर चाळीस रुपये दिले की मेसेज त्याला जातो. तो रागावत नाही. संध्याकाळी बूट काढता काढता फक्त म्हणतो, "भाजी घेतलीस वाटतं आज, चाळीसची?" पूर्वी ती शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये चहाला थांबायची. एकदा वीस मिनिटं उशीर झाला, तर तो तीन दिवस तिच्याशी बोलला नाही, मुलांशी मात्र नेहमीपेक्षा जास्त बोलला. चहा बंद झाला. मग बहिणीचा फोन स्पीकरवर घ्यायची पद्धत पडली, त्यामुळे बहिणीशी बोलण्यासारखं काही उरलं नाही. भिशी सुटली. हळदीकुंकवाला जाणं सुटलं. गडद रंगाच्या साड्या कपाटात मागे गेल्या. यातल्या कशालाही त्याने मनाई केलेली नाही, विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगेल, "मी कधी अडवलंय का तिला?" लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला की मुलं टीव्ही बंद करतात. बंद करा, असं त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही.

यातला कोणता प्रसंग घेऊन ही बाई चौकीत जाईल? चाळीस रुपयांच्या भाजीचा? एकेक घटना सुटी काढली की हातात काहीच उरत नाही, आणि ऐकणारा म्हणतो, एवढंच ना? या पुस्तकातल्या बहुतेक लेखकांचं, आणि माझं तर नक्कीच, म्हणणं असं की इथे घटना मोजून चालत नाही. बंद काय काय झालं ते मोजावं लागतं. दोन वर्षांपूर्वी ही व्यक्ती कुणाशी बोलायची, कुठे जायची, कशावर खळखळून हसायची, स्वतःच्या पैशाने काय आणायची, आणि त्यातलं आज काय शिल्लक आहे? यादी आखडत गेली असेल आणि प्रत्येक गोष्ट सोडताना 'उगाच वाद नको' हेच कारण असेल, तर धोक्याची खूण तिथे आहे. आवाज चढला की नाही, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

एव्हन स्टार्क या अमेरिकन अभ्यासकाने २००७ मध्ये 'कोअर्सिव्ह कंट्रोल' या ग्रंथात हीच दिशा धरली. अशा नात्यातला मुख्य गुन्हा शरीराविरुद्ध नसून स्वातंत्र्याविरुद्ध असतो, असं त्यांनी मांडलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने अशा नियंत्रणाला स्वतंत्र गुन्हा ठरवलं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. स्कॉटलंडचा कायदा २०१८ चा. त्याआधी अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, १९८४ मध्ये, छळ सोसलेल्या स्त्रियांशी बोलून एक चक्र तयार झालं होतं. त्याच्या मध्यभागी सत्ता आणि नियंत्रण, आऱ्यांमध्ये धमकावणं, एकटं पाडणं, मुलांचा वापर, पैशाची कोंडी, 'झालंच काय एवढं' म्हणून उडवून लावणं. मारहाण या चक्राच्या सर्वांत बाहेरच्या कड्यावर आहे. समुपदेशन केंद्रांच्या भिंतीवर हे चक्र टांगलेलं दिसतं. ते पाहताना त्या कड्याची जागा ध्यानात ठेवावी.

आपल्याकडचा कायदा मात्र लोक समजतात त्यापेक्षा बराच पुढचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाच्या बरोबरीने शाब्दिक व भावनिक छळ आणि आर्थिक छळ आहे. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं त्यात नाव घेऊन नोंदवलेलं आहे. या कायद्याच्या नियमांसोबत घटना-अहवालाचा एक नमुना येतो, तो संरक्षण अधिकारी भरतात. कायद्याचा छापील फॉर्म म्हणून बाजूला न ठेवता तो एकदा सावकाश वाचावा. चारित्र्यावर शिंतोडे उडवणं, नोकरी करू न देणं, घराबाहेर पडू न देणं, ठरावीक माणसाला भेटू न देणं, पगार काढून घेणं, स्त्रीधन गहाण टाकणं, घरातला एखादा भाग वापरू न देणं, विजेचं बिल न भरणं. ज्याने कुणी विजेच्या बिलाची ओळ घातली त्याने घरं आतून पाहिली असणार. या फॉर्मचा दोष एकच, तो खुणा करण्याचा तक्ता आहे. ठाण्याच्या त्या घरात सात-आठ चौकटींत अर्धवट खुणा होतील आणि चित्र उमटणार नाही. म्हणून कलम ३ चं दुसरं स्पष्टीकरण महत्त्वाचं. हिंसा झाली की नाही हे ठरवताना सगळी परिस्थिती एकत्र पाहावी, असं ते सांगतं. वकील मंडळी ते फार कमी वापरतात, हे माझं वैयक्तिक गाऱ्हाणं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही असाच पेच दिसतो. त्यात भावनिक हिंसेचे प्रश्न तीन: चारचौघांत अपमान केला का, तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला इजा करण्याची धमकी दिली का, तुम्हाला स्वतःबद्दल वाईट वाटेल असं बोलला का. २०१९–२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी यातल्या कशाला तरी होकार दिला. पण त्याच प्रश्नावलीत आणखी सहा प्रश्न आहेत. परपुरुषाशी बोललेलं खपत नाही का, व्यभिचाराचा आळ घेतो का, मैत्रिणींना भेटू देत नाही का, माहेरच्यांशी संबंध तोडू पाहतो का, सतत कुठे आहेस ते विचारतो का, पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवत नाही का. या सहांची गणना हिंसेत होत नाही, ती 'नवऱ्याचं नियंत्रण' म्हणून वेगळ्या तक्त्यात जाते. अभ्यासकांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

हा विषय पाश्चात्त्यांकडून आयात झाला, असं मानणाऱ्यांसाठी थोडं मराठीतलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ चा. रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या आठवणींत शिकणाऱ्या सुनेला घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांकडून काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते आहे. नवरा शिकवतो आहे आणि घर त्याची किंमत तिच्याकडून वसूल करतं आहे, असं ते दृश्य. छळणारा हात नेहमी नवऱ्याचाच असतो असं नाही, हे आपल्या एकत्र कुटुंबांनी केव्हाच दाखवून दिलेलं होतं. डुलुथच्या चक्रात सासू नाही, नणंद नाही. आपल्याला त्या आपल्या आपण घालाव्या लागतात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईहून गेलेल्या एका प्रकरणात, २००५ च्या कायद्यातला 'प्रौढ पुरुष' हा मजकूर काढून टाकला. स्त्रीविरुद्ध या कायद्याखाली दाद मागताना तो अडथळा आता उरलेला नाही.

मग १९८० चं दशक. पुण्यात नारी समता मंच ही संघटना १९८२ पासून. १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आलं, त्यातल्या क्रूरतेच्या व्याख्येत मानसिक आरोग्याला पोहोचणारा धोकाही होता (आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे). १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात बसून, पण पोलीस न होता, बाईचं ऐकायचं, ही कल्पना तेव्हा नवी होती. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी 'दिलासा' केंद्र सुरू केलं. रुग्णालय का? कारण चौकीची पायरी न चढणारी बाई ओपीडीत येतेच. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पाठ दुखते, किंवा केसपेपरवर लिहिलेलं असतं, 'चुकून औषध पोटात गेले'. 'चुकून' या नोंदीपाशी थांबून पुढचा प्रश्न विचारायला परिचारिका आणि डॉक्टर शिकले, हे मला या क्षेत्रातलं मोठं काम वाटतं. पुरुषांनी पुरुषांशी या विषयावर बोलावं म्हणून १९९३ पासून 'मावा' ही संघटना मुंबईत काम करते आहे.

भांडण आणि छळ यांतला फरक कसा ओळखायचा, हे नवे विद्यार्थी हमखास विचारतात. भांडणात दोघंही बोलतात, दोघंही चुकतात, दोघंही कधीतरी माघार घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या पोटात गोळा येत नाही. अबोलाही दोन प्रकारचा असतो. रुसून गप्प बसलेल्या माणसाला मनवून घ्यायचं असतं. शिक्षा म्हणून गप्प बसलेला माणूस समोरच्याने नेमकं कशासाठी माफी मागायची तेही सांगत नाही. नकार दिल्यावर काय होतं, ही त्यातल्या त्यात भरवशाची कसोटी. साध्या गोष्टीला 'नाही' म्हणून पाहावं. ते ऐकलं जातं, कुरकुरत का होईना? की त्याची किंमत चुकवावी लागते, कधी लगेच, कधी चार दिवसांनी, भलत्याच निमित्ताने? अर्थात, जिथे या 'नाही'ची खरोखर भीती वाटते तिथे प्रयोग करून पाहू नये. त्या भीतीतच उत्तर मिळालेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या दास्ताने खटल्यात एक दृष्टी दिली, ती आजही कामाची आहे. निकाल न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांचा. आदर्श नवरा-बायको डोळ्यांसमोर ठेवून मानसिक क्रूरता ठरवायची नाही; समोरचा हा पुरुष आणि ही स्त्री, यांच्यापुरती ती पाहायची. तिथे क्रूरतेची तक्रार नवऱ्याची होती, हेही नोंदवून ठेवतो. पुरुषांना असा छळ होत नाही असं या पुस्तकात कुणीही म्हटलेलं नाही. २००५ चा कायदा त्यांना उपलब्ध नाही, घटस्फोटाचा कायदा आहे. समलिंगी जोडप्यांची कोंडी त्याहून मोठी, आणि मुलगा-सुनेच्या धाकात राहणाऱ्या म्हाताऱ्या आई-वडिलांवर तर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलींबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं. नवऱ्याच्या नोकरीवर आधारलेल्या व्हिसावर गेलेल्या मुलीचं तिथलं राहणंच त्याच्या हातात असतं. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये, गाडी तो चालवणार, बँकेत तिचं नाव नाही. इथे पुण्या-नाशकात आई-वडील व्हिडिओ कॉलवर मोठं स्वयंपाकघर पाहून खूश. त्या कॉलमध्ये तो कॅमेऱ्याच्या मागे उभा आहे की नाही, हे त्यांना दिसत नाही. न्यू जर्सीत 'मानवी' ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संघटना १९८५ मध्येच निघाली, त्याला कारण होतं.

एका गोष्टीबद्दल सावध करतो. मोबाइलवर हल्ली 'जोडीदार विषारी असल्याच्या दहा खुणा' अशा रील्सचा पूर आला आहे. त्यांनी एक चांगलं केलं, विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना आपसांत बोलायला शब्द दिले. लोकेशन शेअर कर, पासवर्ड सांग, लास्ट सीन अकराचं होतं तर मला उत्तर का नाही दिलंस, हे प्रेम नव्हे, असं त्यांच्यातलीच मुलं एकमेकांना सांगू लागली. पण दोन मिनिटांत कुणालाही 'नार्सिसिस्ट' ठरवण्याची घाईही तिथूनच आली. समोरच्याचं निदान करणं आपलं काम नाही. आणि निदान झाल्याने घरात काही बदलतही नाही. उलट, ऐकता ऐकता छळणाराच ते शब्द उचलतो आणि समुपदेशकासमोर बसून शांतपणे सांगतो की खरा भावनिक छळ माझाच होतो आहे. अनुभवी समुपदेशक तेव्हा शब्द बाजूला ठेवून विचारतात, "गेल्या वर्षात तुमचं काय काय बंद झालं?" त्याच्याकडे या प्रश्नाला सहसा उत्तर नसतं.

ऐकणाऱ्याने काय करावं, यावर पुस्तकाचा शेवटचा तिसरा भाग आहे. पहिली गोष्ट, "मग सोडून का देत नाहीस?" हे विचारू नये. त्यात दोष पुन्हा तिच्याच पदरात पडतो. शिवाय नातं सोडतानाचा आणि सोडल्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, आजवर हात न उचललेल्या घरातही. दुसरी, दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांना बोलावून दोघांना समोरासमोर बसवण्याची आपली जुनी हौस आवरावी. ती तिथे काय बोलणार, जेव्हा परत त्याच घरी, त्याच गाडीतून जायचं आहे? तिला एकटीला, सावकाश, तिच्या सोयीच्या वेळी ऐकावं. विश्वास ठेवावा. तारखा-प्रसंग लिहून ठेवायला सुचवावं, पण वही घराबाहेर.

ज्यांनी हे पुस्तक स्वतःसाठी घेतलं आहे, त्यांनी क्रमाने वाचण्याची गरज नाही. आधी सुरक्षिततेच्या नियोजनाचं प्रकरण वाचावं. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१, तातडीच्या धोक्यात ११२. संरक्षण अधिकारी कोण, हे जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात कळतं. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन तपासला जात असेल तर हे क्रमांक मैत्रिणीच्या किंवा शाळेच्या फोनवरून लावावेत. आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती विश्वासातल्या कुणाकडे तरी ठेवाव्यात. आणि हे पुस्तक घरात सापडणं अडचणीचं ठरणार असेल, तर ते घरी नेऊ नये, वाचनालयात बसून वाचावं.